आमचा राडारोडा

सन २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या शाळेची पश्चिमेकडील जुनी दुमजली इमारत पाडण्यांत आली, हें वाचकांस ठाऊक आहेच. ती इमारत सन १९६४ मध्यें बांधलेली. तिच्या स्लॅबमधील सळया गंजून फुगल्या होत्या, खालच्या वर्गांत गिलाव्याचे पोपडे पडूं लागले होते, आणि आतां ती दुरुस्तीनें तगणार नाहीं असा जाणत्या इंजिनियरांचा अभिप्राय पडला होता. ज्या खोलींत आम्हीं बाकावर बसून रसायनशास्त्राचे पहिले प्रयोग पाहिले, आणि पुढें ज्या खोलींत आम्ही स्वतः खडू घेऊन उभे राहिलों, ती खोली घणाच्या घावांखालीं कोसळतांना पाहून मन हळवें झालें, हें कबूल केलें पाहिजे. त्या दिवशीं कांहीं माजी विद्यार्थी मुद्दाम आले होते. कोणी खिडकीची कडी, कोणी फळ्याचा तुकडा, कोणी जिन्याच्या कठड्याचा लाकडी गोळा आठवण म्हणून घेऊन गेले. प्रत्येकानें मूठभर नेलें. मागें उरला तो ढीग मात्र कोणाचाच नव्हता.

त्या ढिगाकडे बोट दाखवून आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें आम्हांस विचारलें, "सर, एवढी मोठी इमारत आतां जाणार कोठें?"

"ट्रकमधून जाईल, बाळ," हें उत्तर आमच्या जिभेवर आलें होतें; पण तें ओठांबाहेर पडेना. कारण हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतःस विचारावयास हवा होता. तो न विचारल्याचें फळ आम्हांस नव्हे, तर दुसऱ्यांस भोगावें लागलें. ती हकीकत त्या दिवसापर्यंत आम्हीं कोणास सांगितली नव्हती. खरें बोलावें म्हणून मुलांस शिकविणारानें स्वतःचें खरें झांकून ठेवावें हें बरें नव्हे, म्हणून ती येथें सांगतों.

सन २०१३ च्या मे महिन्यांत आम्हीं राहत्या घराचें स्वयंपाकघर मोडून नवें केलें. मधली भिंत काढली, ओटा फोडला, हिरव्या-पांढऱ्या चौकटीच्या जुन्या लाद्या उखडल्या. दोन दिवसांत दारापुढें गुडघाभर राडारोडा सांचला आणि शेजारी कुरकुरूं लागले. तेव्हां मिस्त्रीनें एक टेंपोवाला आणला. त्यानें चार खेपांचे पैसे सांगितले. आम्हीं घासाघीस करून ते थोडे कमी केले. माल कोठें टाकणार, हें विचारण्याचें मात्र आमच्या मनांतहि आलें नाहीं. "साहेब, तुम्ही काळजी करूं नका, सकाळपर्यंत दार साफ," असें तो म्हणाला. आणि खरोखरच सकाळीं दार साफ होतें.

त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत एका रात्रीं मुसळधार पाऊस झाला. गांवाच्या खालच्या अंगास जो ओढा आहे, त्याचें पाणी कांठच्या वस्तींत शिरलें. आमच्या वर्गांतील सहावीचा एक मुलगा दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला तो अनवाणी आणि वह्यांवांचून. सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्याची आई भिजलेलें धान्य चटईवर पसरीत होती, आणि भिंतीवर मांडीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. ओढ्याचें मूळचें पात्र तेथें वीस हात तरी रुंद असेल. तें सहा-सात हातांवर आलेलें दिसलें. दोन्ही कांठांनीं विटा, काँक्रीटचे ढेपाळे, फुटक्या फरश्या यांचे ढीग पडले होते, आणि ते रात्रींच्या अंधारांत टाकलेले होते हें उघड होतें. पाण्यास जावयास वाट नव्हती, म्हणून तें घरांतून गेलें. त्यांपैकीं एका ढिगाच्या कडेला, चिखलांत अर्धी रुतलेली, एक लादी आम्हांस दिसली. हिरवी-पांढरी, चौकटीची. तिच्या कोपऱ्यावर वरवंटा पडून उडालेला टवका आम्ही चांगला ओळखीत होतों.

त्या माउलीनें चहा केला. आम्हीं तो घेतला, मुलास वह्या देण्याचें कबूल केलें, आणि लादीविषयीं एक अक्षर न बोलतां घरीं परतलों.

टेंपोवाल्यास दोष देणें सोपें होतें. परंतु चार खेपांचे पैसे त्याच्या हातावर कमी करून ठेवणारे आम्हीच होतों. तेवढ्या पैशांत तो माल दूरवर योग्य ठिकाणीं नेईल, असें मानण्यास कांहींच आधार नव्हता. आमच्या चार खेपांनींच ओढा भरला असेंहि नव्हे. पण ज्यानें त्यानें आपल्या चार खेपांपुरतें असेंच म्हटलें, म्हणून तो भरला.

त्यानंतर या विषयाची जी माहिती आम्हीं जमविली, ती विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचें मिश्रण. पाण्याशीं सिमेंटचा रासायनिक संयोग होऊन तें वाळूस व खडीस घट्ट बांधून ठेवतें. या मिश्रणाच्या एकंदर आकारमानांत सिमेंटचा वांटा थोडा; निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग खडी व वाळू यांचाच असतो. आपल्याकडील खडी ही बहुधा दख्खनच्या काळ्या पाषाणाची असते, आणि तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून झालेला आहे. डोंगर सुरुंगानें फोडावा, खडी करावी, साठ वर्षें ती एखाद्या भिंतींत ठेवावी आणि मग ओढ्यांत फेकून द्यावी, आणि पुन्हां दुसरा डोंगर फोडावा, असा आपला व्यवहार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या सन २०२२ च्या अहवालाप्रमाणें जगांत दरसाल सुमारे पांच हजार कोटी टन वाळू व खडी उपसली जाते.

भार किती असतो, याचा अंदाज यावा म्हणून सुटी संपल्यावर गणिताच्या तासाला आम्हीं मुलांकडून एक उदाहरण सोडवून घेतलें. पाडलेल्या इमारतीचा एक स्लॅब २४ मीटर लांब, ८ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर जाड होता. म्हणजे त्याचें घनफळ २८.८ घनमीटर झालें. एक घनमीटर काँक्रीटचें वजन सुमारे २,४०० किलो धरलें, तर एका स्लॅबचें वजन ६९ टनांवर जातें. दहा टनांच्या ट्रकाला केवळ एका स्लॅबसाठीं सात खेपा! मुलें उत्तर पाहून चकित झालीं. ज्या छपराखालीं ते इतकीं वर्षें बसत होते, तें एवढें जड असेल असें कोणासहि वाटलें नव्हतें.

आपल्या पूर्वजांस ही उधळपट्टी ठाऊक नव्हती. जुना वाडा पाडला कीं त्याचे सागवानी खांब, तुळया, दारें, घडीव दगड आणि साबूत विटा एकेक मोजून विकल्या जात. फुटलेल्या विटाहि वायां जात नसत. त्या कुटून त्यांची सुरखी करीत आणि ती चुन्यांत मिसळीत. सुरखीचा चुना ओलाव्यांतहि चांगला धरतो, म्हणून हौद व विहिरी यांच्या कामीं तो विशेष वापरीत. प्राचीन रोमन लोकहि कुटलेलीं खापरें चुन्यांत घालून पाण्याच्या टांक्यांस आंतून गिलावा करीत असत.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सन १९४५ मध्यें, जर्मनीचीं शहरेंच्या शहरें विटांचे ढीग होऊन पडलीं होतीं. एकट्या बर्लिनमधील राडारोडा सुमारे साडेसात कोटी घनमीटर होता असें सांगतात. पुरुषांपैकीं पुष्कळ मेलेले किंवा कैदेंत. तेव्हां हजारों स्त्रियांनीं रांगेनें उभें राहून, हातोड्यांनीं विटांवरचा जुना चुना खरवडून, त्या विटा पुन्हां रचून ठेवल्या. विटांचा चुरा घालून नव्या भिंतींचे ठोकळेहि पाडण्यांत आले. जें उरलें, त्याच्या टेकड्या झाल्या. त्यांतील सर्वांत मोठी टॉयफल्सबर्ग, म्हणजे सैतानाची टेकडी, ही आज झाडांनीं झांकलेली असून तीवर लोक फिरावयास जातात.

आपल्या शाळेंतील मुलांस यावरून नहेम्याच्या पुस्तकाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. इराणच्या बादशहाचा प्यालेबरदार नहेम्या हा रजा घेऊन यरुशलेमेस आला आणि पडलेला कोट बांधूं लागला, तेव्हां त्याच्या वैऱ्यांनीं त्याची जी थट्टा केली, ती नेमकी राडारोड्यावरूनच होती. जळक्या ढिगाऱ्यांतील दगडांस हे लोक पुन्हां जीव देणार कीं काय, असा त्यांचा टोमणा होता. कोट ५२ दिवसांत पुरा झाला. तो कोणी कोणी बांधला याची लांबलचक यादी त्या पुस्तकांत आहे. मुलें ती कंटाळून सोडून देतात. पण तींत एक गोष्ट वारंवार येते. अनेकांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधला.

आतां आजच्या पद्धतीकडे वळूं. आमच्या शहराबाहेर राडाऱ्यापासून खडी करण्याचा एक कारखाना आहे. तो आम्हीं जाऊन पाहिला. आलेला ट्रक प्रथम काट्यावर तोलतात. मग मजूर लाकूड, कापड, प्लास्टिक वेंचून काढतात. मोठे ढेपाळे यंत्राच्या पोलादी जबड्यांत पडतात व चावून बारीक होतात. पुढें पट्ट्यावरून जातांना लोहचुंबक त्यांतील सळयांचे तुकडे ओढून घेतें. ते पोलाद भट्टींत वितळून पुन्हां सळई होतें. शेवटीं लहानमोठ्या चाळण्यांतून खडी, बारीक कच आणि माती वेगवेगळी होते. त्या धुळींत सिलिका असते व ती फुप्फुसांस घातक आहे. म्हणून पट्ट्यावर सतत पाण्याचे फवारे असावे लागतात आणि मजुरांच्या तोंडावर योग्य मुखवटे असावे लागतात. तेथून आणलेल्या खडीचे पेव्हर ब्लॉक व रस्त्याच्या कडेचे दगड तेथेंच होतांना आम्हीं पाहिले. आपल्या देशांत असा पहिला मोठा कारखाना सन २००९ मध्यें दिल्लींतील बुराडी येथें निघाला.

तरीहि ही खडी सर्वस्वी नव्या खडीसारखी नसते, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तिच्या अंगास जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो आणि तो सच्छिद्र असतो. वर्गांत आम्हीं नव्या खाणीची एक किलो खडी व राडाऱ्याची एक किलो खडी रात्रभर पाण्यांत भिजत ठेवली. सकाळीं वरचें पाणी टिपून तोललें, तों पहिलीचें वजन सुमारे १० ग्रॅमनीं व दुसरीचें सुमारे ५० ग्रॅमनीं वाढलें होतें. म्हणजे ही खडी कोरडी वापरली तर काँक्रीटचें पाणी तीच पिऊन टाकील. तिला आधीं भिजवून घ्यावें लागतें. याच कारणास्तव भारतीय मानक ब्यूरोनें सन २०१६ मध्यें तिला मर्यादा घातल्या. सळया घातलेल्या काँक्रीटमध्यें, तेंहि मध्यम ताकदीपर्यंतच्या, शेंकडा २० पर्यंत. साध्या काँक्रीटमध्यें शेंकडा २५ पर्यंत. आणि पायाखालच्या कच्च्या थरासारख्या हलक्या कामांत सर्वच्या सर्व ती वापरावयास मुभा दिली. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खडी वांचली म्हणून सिमेंट वांचत नाहीं. चुनखडी भाजून सिमेंट करतांना जो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो, तो नव्या बांधकामास द्यावाच लागतो. म्हणून जी भिंत दुरुस्तीनें तगेल, ती न पाडणें हाच सर्वांत उत्तम मार्ग होय.

पाडणें मात्र दिवसेंदिवस सोपें होत चाललें आहे. दिल्लीजवळ नोएडा येथें २८ ऑगस्ट २०२२ रोजीं सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन मनोरे सुमारे ३,७०० किलो स्फोटक द्रव्यानें कांहीं सेकंदांत जमीनदोस्त झाले. देशभर लोकांनीं तें दृश्य डोळे विस्फारून पाहिलें. पुढें जो सुमारे ८०,००० टनांचा ढीग उरला व जो उचलावयास महिने लागले, तो कोणी पाहत बसलें नाहीं. पुण्याच्या चांदणी चौकांतील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटेपूर्वीं सुमारे ६०० किलो स्फोटकांनीं उडविला, तेव्हां तो अपेक्षेप्रमाणें सगळा पडलाच नाहीं. त्यांतील पोलादानें दाद दिली नाहीं, आणि उरलेला भाग यंत्रांनीं तोडावा लागला. तमाशा क्षणाचा असतो. निस्तरणें पुष्कळ दिवसांचें असतें.

याबाबत कायदाहि झाला आहे. भारत सरकारनें सन २०१६ मध्यें बांधकाम व पाडकाम यांच्या कचऱ्याविषयीं प्रथमच स्वतंत्र नियम केले. ज्याच्या कामांतून कचरा निघतो, त्याच्यावर तो सांभाळण्याची जबाबदारी टाकली. काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड, विटा हीं वेगवेगळीं ठेवावीं व गटारें वा नाले तुंबूं देऊं नयेत, असें ठरविलें. सन २०२५ मध्यें त्यांच्या जागीं नवे नियम जाहीर झाले. आमची लादी ओढ्यांत गेली ती सन २०१३ मधली, तेव्हां हे नियम नव्हते. पण ही सबब आम्हीं मनाशीं कितीहि वेळां घोळविली, तरी ती लादी तेथून हालली नाहीं.

आतां आपल्या शाळेच्या ढिगाविषयीं. मुलीनें प्रश्न विचारला त्याच आठवड्यांत व्यवस्थापक मंडळाची बैठक होती. ठेकेदारानें सर्व माल एकगठ्ठा उचलून नेण्याचा दर दिला होता, आणि तो स्वस्त होता. माल निवडून कारखान्यांत पाठवावयाचा तर तीन आठवडे अधिक लागणार व खर्चहि वाढणार होता. एक सभासद म्हणाले, "तेवढ्या पैशांत प्रयोगशाळेस दोन टेबलें येतील." हा आक्षेप खोटा नव्हता, टेबलांची गरज आम्हांसच सर्वांत अधिक होती. तेव्हां उभें राहून आम्हीं प्रथमच त्या हिरव्या-पांढऱ्या लादीची गोष्ट सांगितली. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग मुख्याध्यापकांनीं ठेकेदाराचा कागद बाजूस ठेवला आणि टेबलें पुढील वर्षीं घ्यावीं असें ठरलें.

पुढें दारें, खिडक्या व तुळया आधीं उतरविल्या. साबूत विटा साफ करून रचल्या. फुटक्या विटांची भर कुंपणाच्या नव्या जोत्यांत गेली. काँक्रीट कारखान्यांत गेलें व प्रत्येक खेपेची काट्याची पावती शाळेच्या फायलींत आली. तेथून परत आणलेली खडी फाटकापासून प्रार्थनामंदिरापर्यंतच्या नव्या वाटेखालीं पसरली आहे. नव्या इमारतीच्या खांबांस मात्र नवीच खडी वापरली. मुलांच्या डोक्यावरील छपराशीं प्रयोग करावयाचा नसतो. चूकहि झाली. एके दिवशीं घाई करून कचेरीचें प्लास्टर ऑफ पॅरिसचें छत काँक्रीटबरोबरच पाडलें. त्यांतील जिप्सम सिमेंटला बाधक, म्हणून दोन ट्रक माल कारखान्यानें परत पाठविला आणि तो हातांनीं निवडण्यांत चार दिवस गेले. पाडतांना जें वेगळें करावयास तास लागतो, त्यास मिसळल्यावर दिवस लागतात, हा धडा त्यांतून मिळाला.

पावसाळ्यापूर्वीं एके सायंकाळीं आम्ही पुन्हां ओढ्याकांठच्या त्या घरीं गेलों. मुलगा आतां मोठा होऊन कामाला लागला आहे. त्याच्या आईस आम्हीं बारा वर्षें लपविलेली गोष्ट सांगितली. ती रागावली असती तर बरें वाटलें असतें. ती म्हणाली, "सर, त्या ढिगांत पुष्कळांचें होतें. पण हें माझें, असें सांगायला कोणी आलें नव्हतें." थोडें थांबून म्हणाली, "आतां आलांच आहांत, तर ओढ्याचें कांहीं तरी करा."

त्याप्रमाणें वस्तींतील लोक व आपल्या शाळेचे कांहीं पालक यांच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेकडे गेला. पात्राचा वरचा भाग मोकळा झाला आहे. खालचा अद्यापि तसाच आहे, आणि त्यासाठीं आम्हांस पुन्हां पुन्हां जावें लागेल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, घरांत घणाचा पहिला घाव पडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. हें पाडलेंच पाहिजे काय? पाडावयाचें तर काय काय साबूत निघेल? आणि उरलेलें कोठें जाणार, व त्याची पावती कोण देणार? विद्यार्थ्यांनीं हे प्रश्न वडील मंडळींस विचारले, तर त्यांस उद्धट म्हणूं नये. त्या मुलीनें विचारला नसता, तर आम्ही आणखी किती वर्षें गप्प बसलों असतों कोण जाणे. दारापुढचा ढीग उचलला गेला म्हणून तो आपला राहत नाहीं असें नाहीं. तो कोणाच्या तरी दारापुढें जाऊन पडतो, आणि तेथेंहि तो आपलाच असतो.